स्कायच्या किनाऱ्यासाठी दिलेल्या टिपणाबद्दल

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

स्कॉटलंडच्या स्काय बेटावर डायनासोरची पावलं पाहायला जाणाऱ्या बडोद्याच्या मंडळींना तुम्ही टिपण करून दिलंत, त्याबद्दल हे जाहीर आभार. इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून त्यातलं थोडं इथे देतो.

सगळ्यात मोलाचा ठरला तो मही नदीच्या काठचा धडा. ओल्या गाळात म्हैस चालली की खुराभोवती गाळ दाबून वर येतो, कडेला बारीक वरंबा उठतो. लाटांनी गोटे फिरवून घोटलेल्या रांजणखळग्याला तो नसतो. दगडात मात्र वरंबा झिजलेलाही असू शकतो, म्हणून तुमची दुसरी कसोटी: एकटा खळगा मोजायचा नाही. डावा-उजवा करत, जवळपास सारख्या अंतरावर पुढचे सापडले तरच पाऊल म्हणायचं. हौशी लोक इथेच फसतात.

काही ठसे उलटेही असतात: गाळ धुऊन गेला, त्यात भरलेली वाळू दगड होऊन उंचवट्यासारखी उरली. स्कायवरच्या डंटुल्मला, 2015 मध्ये जाहीर झालेल्या सुमारे 17 कोटी वर्षांपूर्वीच्या ठशांत, दोन्ही प्रकार आहेत. तिथल्याच अॅन कोरान किनाऱ्यावरची तीनबोटी पावलं उन्हाळ्यात बहुधा वाळूखाली असतात. हिवाळी वादळांनी वाळू वाहून नेली की उघडी पडतात. आधी ओहोटीचं वेळापत्रक बघायचं, पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी पोचायचं आणि पाणी फिरताच निघायचं. खंभातची भरती पाहिलेल्यांना हे सांगायला नकोच!

दुपारच्या उन्हात ठसा सपाट दिसतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन हवं. ढगाळ असेल तर टॉर्च खडकालगत आडवा धरावा. लांबी मधल्या बोटाच्या टोकापासून टाचेपर्यंत घ्यायची. तिची चौपट म्हणजे त्या डायनासोरची कंबरेपर्यंतची ढोबळ उंची. 50 सेंमीच्या पावलाला सुमारे 2 मीटर. पण वरचा थर झिजून खालच्या थरातला दाबच उरला असेल, तर बोटं पुसट होतात आणि माप फसतं. फोटोत पट्टी ठेवायची, आणि त्रिमितीय प्रतिमेसाठी प्रत्येक फोटो आधीच्यावर दोन-तृतीयांश चढवायचा.

प्लास्टर ओतायचं नाही, हे तुम्ही ठळक अक्षरांत लिहिलंत ते बरं झालं. साचा काढताना खडकाचा पापुद्रा निघून येतो. शिवाय स्कायवरचे असे ठसे 2019 पासून कायद्याने संरक्षित आहेत.

पुढच्या प्रतीत बुटांबद्दल एक ओळ घालावी: शेवाळलेल्या खडकावर गुळगुळीत तळाचे बूट टिकत नाहीत, खोल खाचांचेच हवेत.

कळावे,
आपली बडोद्याची मंडळी