बाबांचं पत्र, तुझ्या वहीत ठेवलेलं

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालीस, "बाबा, पीएफमधले पैसे काढून माझी कादंबरी छापू या," आणि मी नुसतं "बघू" म्हणून रात्रपाळीला निघालो. तू रुसलीस, कळलं मला. समोरासमोर मला नीट बोलता येत नाही, म्हणून प्रेसमध्ये जेवणाच्या सुट्टीत हे लिहितोय.

तू क्रिस्टोफर पाओलिनी या अमेरिकन लेखकाचा दाखला दिलास, त्याची पहिली कादंबरी 'एरागॉन' आधी घरच्यांनीच छापून काढली होती म्हणून. फोर्टच्या फुटपाथवरून आणलेली तुझी 'एरागॉन'ची प्रत मी दोन महिने लोकलमध्ये वाचतोय. इंग्रजी मला सावकाश जमतं. पण ते अंडं फुटून ड्रॅगनचं पिल्लू बाहेर येतं ना, तिथे मी इतका रमलो की करी रोडला उतरायचंच राहिलं. मग त्या मुलाबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

पंधराव्या वर्षी लिहायला बसला, हे तू सांगितलंस. पुढचं मी सांगतो. पहिला खर्डा वर्षभरात झाला. दुसरं वर्ष त्याने तोच खर्डा दुरुस्त करण्यात घातलं. तिसरं गेलं आईवडिलांबरोबर संपादन, मांडणी आणि मुखपृष्ठात. मुखपृष्ठावरचा ड्रॅगनचा डोळा आणि आतला नकाशाही त्यानेच काढला. २००२ साली पुस्तक निघाल्यावर लाल सदरा, काळी टोपी असा जुन्या काळचा वेश करून शाळा, वाचनालयं, दुकानं मिळून १३५ हून जास्त ठिकाणी तो बोलला. अशात कार्ल हायसन या लेखकाच्या सावत्र मुलाच्या हाती ते पुस्तक पडलं, हायसनने ते क्नॉफ प्रकाशनाच्या कानावर घातलं आणि ऑगस्ट २००३ मध्ये त्यांची आवृत्ती आली. तीन भागांची मालिका लिहिता लिहिता चार भागांची झाली. चौथा भाग २०११ मध्ये आला, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. एका गोष्टीपाशी पोरगा इतकी वर्षं बसला, मनू.

आमच्या प्रेसमध्ये एका गृहस्थांनी स्वतःच्या पैशाने कादंबरीच्या पाचशे प्रती छापल्या होत्या. बाइंडरकडून गठ्ठे आले तेव्हा त्यांनी वरची प्रत रुमालाने पुसून कपाळाला लावली. पुढे गठ्ठे न्यायला कुणी आलंच नाही. तीन पावसाळ्यांनी ते रद्दीच्या टेम्पोत मीच चढवले. वाळवी लागली होती, तरी शाई काळीभोर होती. तुझे गठ्ठे मला तसे उचलायचे नाहीत.

तुझी वही मी दोनदा वाचली. पहिलं प्रकरण वाचून अंगावर काटा आला. वरळीच्या खाडीत बांध घालतात, तो सारखा फुटतो, तो बांधणाऱ्या रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात महालक्ष्मी येते, ही आख्यायिका माझ्या आजीने मला सांगितली होती. तू त्या बांधाखाली एक जीव निजवलास आणि ओहोटीला चिखलातून येणारे बुडबुडे म्हणजे त्याचा श्वास, असं लिहिलंस. शिवडीच्या किल्ल्यावरून तू तासन् तास चिखल बघत बसायचीस, ते हे. पाओलिनीही मोंटानात बेअरटूथ डोंगरांजवळ वाढला आणि ते डोंगर त्याच्या कथेत उतरले.

पण तिसऱ्या प्रकरणात तुझ्याकडे बर्फ पडतो, देवदाराची झाडं येतात, आणि कोळ्याची पोरगी सरदारासारखं बोलायला लागते. तिथे ती मला दिसेनाशी झाली. पहिल्या प्रकरणात ती जाळ्यातली मांदेली निवडताना भावाला शिव्या घालते, तीच मला शेवटपर्यंत हवी आहे.

पैसे तुझेच आहेत. दुसरा खर्डा होऊ दे, मग कागद मी स्वतः निवडीन आणि पहिला फॉर्म, म्हणजे छापलेला मोठा ताव, मशीनवरून निघेल तेव्हा तुला तिथे उभी करीन. ओला कागद तीन घड्या घालून सोळा पानांचा कसा होतो, ते तू अजून पाहिलेलं नाहीस.

शुक्रवारी माझी सुट्टी आहे. तिसरं प्रकरण मोठ्याने वाचून दाखव. आईलाही बसवू, मांदेलीचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुझे,
बाबा