ग्रँट रोड थिएटरच्या प्रदर्शनासाठी पुन्हा एकदा आवाहन

सर्व सभासद, माजी सभासद आणि गिरगाव सोडून गेलेली आपली मंडळी, नमस्कार.

5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, वाचनालयाच्या हॉलमध्ये ग्रँट रोडच्या जुन्या नाट्यगृहाचं प्रदर्शन लावायचं ठरलंय हे ग्रुपवर टाकलं होतं. अंगठे भरपूर आले, पावत्या काही फाटल्या नाहीत, म्हणून परत लिहितोय.

"ते थिएटर आता आहेच कुठे, मग प्रदर्शन कसलं?" असं कोणीतरी विचारलं म्हणून सांगतो. मुंबईत आधी कोटात, म्हणजे आताच्या फोर्टात, एक थिएटर होतं, 1776 चं, आताच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी जे मैदान होतं तिथे. ते कर्जात बुडालं आणि 1835 ला विकलं गेलं. देणी फेडून उरलेले पैसे सरकारात पडून होते, ते नवीन थिएटरसाठी द्या म्हणून मुंबईकरांनी अर्ज केला, त्यात आपले नाना शंकरशेट पुढे होते, आणि नुसती सही करून थांबले नाहीत तर ग्रँट रोडची स्वतःची जागा दिली. 1846 ला थिएटर उघडलं. म्हणजे तेही अर्ज-विनंत्या करूनच उभं राहिलंय, तेव्हा आम्ही हात पसरतो याची आम्हाला लाज वाटत नाही!

पण साहेब लोकांना फोर्टातून तिथवर जायला लांब पडायचं (आताच्या आपल्या लोकांना बोरिवली-डोंबिवलीहून गिरगावात यायला पडतं तसंच), त्यामुळे हळूहळू ते आपल्याच लोकांच्या हाती आलं आणि बरंच झालं. 1853 ला विष्णुदास भावे सांगलीहून मंडळी घेऊन मुंबईत आले, घाटात तेव्हा रेल्वे नव्हती, बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी त्याच वर्षी सुटली, आणि नाना, डॉ. भाऊ दाजी लाड अशांच्या पाठिंब्यावर साहेबासाठी बांधलेल्या त्या स्टेजवर मराठी नाटक तिकीट लावून झालं. जाहिरातीत कंपनीचं नाव काय, तर ‘हिंदू ड्रॅमॅटिक कोअर’! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पारशी मंडळींनीही तिथेच आपलं नाटक केलं आणि पुढे पारशी रंगभूमी केवढी फोफावली ते काय सांगायला हवं. नंतर त्या भागात थिएटरांची रांगच लागली, मग टॉकीज आल्या, आणि आज पिला हाऊसवरून (‘प्लेहाऊस’चंच बिघडलेलं नाव, तोच हा थिएटरांचा भाग) टॅक्सीने जाताना आपण काच वर करतो.

आत्तापर्यंत जे जमलंय ते मोजक्या लोकांमुळे. आपल्या रिटायर्ड हेडमास्तर सरांनी वयाकडे न बघता उन्हातान्हात जाऊन जुने पेपर वाचून वह्या भरल्या, त्या वह्यांचं अक्षर बघायला तरी या. ठाकूरद्वारच्या काकूंनी सासऱ्यांची नाटकांच्या हँडबिलांची अख्खी ट्रंक दिली आणि वर चहा पाजला. फ्रेमवाल्या शेठनी मागच्या प्रदर्शनाच्या फ्रेमा अजून परत मागितलेल्या नाहीत, ते गुजराती असून मराठी रंगभूमीसाठी एवढं करतात, यावर जास्त बोलत नाही. मागच्या प्रदर्शनाला बाहेरगावाहून लोक आले आणि आमच्याच वाडीतले खाली गॅलरीत उभे राहून "चालू आहे का अजून?" विचारत होते, तेही मनात ठेवलेलं नाही.

आता कामाचं. स्कॅनिंग, पॅनल छपाई, लाइट, मांडव मिळून खर्च आहे, 500 पासून पुढे कितीही चालेल, क्यूआर कोड बोर्डावर लावलाय, रोख दिलीत तर पावती घ्याच, संध्याकाळी 6 ते 8, सोमवार बंद. जुने फोटो, तिकिटं, हँडबिलं, कंपनीचे करारनामे असतील तर आणा, समोर स्कॅन करून लगेच परत देतो, ठेवून घेत नाही. फाटकं असलं तरी टाकू नका. दिवाळीची साफसफाई सुरू व्हायच्या आत प्लीज, दरवर्षी अशा वेळी रद्दीवाल्याकडे काय काय जातं ते आम्ही पाहिलंय. प्रदर्शनाच्या दिवशी उभं राहायला पोरंपोरी हवीत, नाश्ता मिळेल. आणि कोणाच्या घरी मोडी वाचता येणारं माणूस असेल तर पैसे राहू द्या, त्यांनाच पाठवा.

– कार्यवाह