फरशीवरचा रोव्हर

महोदय,

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत हल्ली एक तरी मंगळावरची गाडी असतेच. हातात रिमोट, खाली गुळगुळीत फरशी. मुलांचं कौतुक आहेच, पण परीक्षकांनी एवढं तरी विचारावं की मंगळावर रिमोट चालेल कसा? पृथ्वीवरून निघालेला संदेश तिथे पोचायला साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. समोर खड्डा आहे हे इथे कळेपर्यंत गाडी त्यात गेलेली असेल. म्हणून मंगळावर फिरणारा ‘नासा’चा रोव्हर, म्हणजे चाकांचा यंत्रमानव, ‘पर्सिव्हरन्स’ आपल्या कॅमेऱ्यांतून समोरच्या जमिनीचा नकाशा तयार करतो आणि दगड चुकवत वाट स्वतः ठरवतो.

दगड निदान दिसतात तरी. 2009 मध्ये मंगळावरचाच आधीचा रोव्हर ‘स्पिरिट’ जमिनीचा वरचा पापुद्रा फोडून खालच्या भुसभुशीत मातीत रुतला. त्याचं एक चाक आधीच निकामी होतं. कित्येक महिने खटपट करूनही तो निघाला नाही. पावसानंतर काळ्या रानात ट्रॅक्टर घातलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

सरावाला अवघड जमीन आपल्याकडे फुकट आहे : तापीकाठच्या घळी, सातपुड्याच्या पायथ्याचे दगडगोटे. खान्देशातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी रोव्हरच्या स्पर्धा तिथेच भरवाव्यात. चालवणाऱ्याला गाडीकडे पाठ करून बसवावं, आणि त्याची प्रत्येक आज्ञा गाडीला दहा मिनिटं उशिरा मिळावी. फक्त मे महिना टाळावा. जळगावच्या उन्हात बॅटरीच्या आधी परीक्षक बंद पडतील.

– एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)