बाबा, मी पुन्हा रेल्वेने जाणार

शिकागो

ती. बाबांना आणि आईला शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर नोकरी बदलतेय म्हणाले, तर बाबा, तुम्ही एकदम गप्प झालात. मग एवढंच विचारलंत, "दारातली गाडी सोडून परत रेल्वेचे धक्के कशाला?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

डोंबिवली ते सीएसटी तुम्ही चौतीस वर्षं केलंत. गाड्या बंद पडल्या की दिव्यापासून रुळांतून चालत घरी यायचात. माझ्या वाट्याला ते येऊ नये, हेच तुम्हाला हवं होतं. मी गाडी घेतली तेव्हा तिचा फोटो तुम्ही अख्ख्या चाळीला दाखवलात, आईने सांगितलं होतं.

पण त्या गाडीत मी रोज एकटी असते. घर शहरात, लोगन स्क्वेअरला, आणि ऑफिस शॉमबर्गला, सुमारे 40 किलोमीटर बाहेर. सगळे शहरात येतात आणि मी बाहेर जाते, तेव्हा रस्ता मोकळा मिळेल असं मलाही वाटलं होतं. पण केनेडी एक्सप्रेसवेच्या मधल्या जलद लेन सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी बाहेर सोडतात, म्हणजे दोन्ही वेळा माझ्या उलट. त्यात 2023 ते 2025 त्याच रस्त्याचं काम चाललं. घरी पोचेपर्यंत बोलायचंही त्राण उरायचं नाही.

त्याच रस्त्याच्या मधोमध ब्लू लाईनचे रूळ आहेत. मी ब्रेकवर पाय ठेवून बसलेली, आणि शेजारून डबे सरसर पुढे जातात. खिडकीत कुणी वाचतंय, कुणी डुलकी काढतंय. डिसेंबरात पाचच्या आतच अंधार. गेल्या जानेवारीत बर्फावर गाडी घसरली आणि कठड्याजवळ जाऊन थांबली. मला काही लागलं नाही. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, रागावू नका.

नवं ऑफिस लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागात आहे, ब्लू लाईनने वीसेक मिनिटं. पगार थोडा कमी आहे, पण पेट्रोल आणि टोल वाचेल. आई, ब्लू लाईन रात्रभर चालते, आणि फारच उशीर झाला तर मी टॅक्सीने येईन.

बाबा, तुम्ही दमून यायचात हे मी पाहिलंय. पण दसऱ्याला डबा सजवायला झेंडूच्या माळा घेऊन निघायचात, तेही पाहिलंय. तुमच्या ऑपरेशनला रक्त द्यायला चौघं आले, ते त्याच डब्यातले. मला चार वर्षांत या रस्त्यावर एकही माणूस ओळखीचा झाला नाही.

गाडी विकत नाहीये. शनिवारी डेव्हॉन अव्हेन्यूवरून किराणा आणायला लागेलच. जूनमध्ये आलात की एक दिवस माझ्याबरोबर ऑफिसपर्यंत चला. क्लार्क-लेक स्टेशनला भुयारातून वर आलं की डोक्यावरच्या लोखंडी पुलावरून दुसरी गाडी धडधडत जाते. लूपचा तो उंचावरचा वळसा 1897 साली पुरा झालाय. तुम्हाला तिथे उभं राहून बघायला नक्की आवडेल. आईसाठी बसायला जागा मी धरून ठेवीन.

तुमची,
मनू