घरी गेल्यावर साखरेचे आकडे पाहणार कोण?

मा. संपादक,
स. न.

इन्सुलिन सुरू केलेल्या रुग्णाला घरी सोडताना हल्ली मोबाइलवर एखादे अ‍ॅप टाकून देतात आणि ‘यात रोज साखर भरत जा’ असे सांगतात. भरलेला आकडा कोण पाहणार, किती वाजता पाहणार आणि डोस कोण बदलणार, हे डिस्चार्ज कार्डावर कुठेच नसते.

घरी गेल्यावरचे पहिले दोन आठवडे जोखमीचे असतात. जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रियेच्या ताणामुळे रुग्णालयात इन्सुलिन वाढवलेले असते. दुखणे ओसरले की शरीराची गरज उतरते, कार्डावरचा डोस मात्र तोच राहतो. स्टेरॉइड चालू असेल तर आणखी घोळ. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने (स्टेरॉइडच्या गोळीने) साखर दुपारनंतर चढते, त्यामुळे फक्त उपाशीपोटी तपासणाऱ्याला सगळे ठीक वाटते. आणि गोळी कमी करत आणताना इन्सुलिनही उतरवले नाही तर साखर घसरते. एचबीए१सी ही रक्ततपासणी दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देते, या दिवसांत तिचा उपयोग नाही. रोजचे चार आकडे लागतात : तिन्ही जेवणांआधी आणि झोपताना.

ते पाठवायला भारी अ‍ॅप लागत नाही. साखर मोजायच्या मीटरच्या पडद्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तरी पुरते, शिवाय टाइप करताना १८२ चे १२८ होत नाहीत. मीटरचे घड्याळ तेवढे आधी लावून घ्यावे, नाहीतर पहाटेचा आकडा दुपारचा म्हणून वाचला जातो. फळ सोललेल्या हाताने तपासले की साखर खोटीच जास्त दिसते. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. फोटोखाली किती युनिट घेतले आणि काय खाल्ले ते लिहावे. चतुर्थीचा उपवास असेल तर तोही, कारण अ‍ॅपला चतुर्थी कळत नाही.

सर्वांत मोठी चूक कुठल्याच आलेखात दिसत नाही. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिली असते, इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधले (पेनात बसणाऱ्या नळीतले) १००. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले तर पोटात ८ युनिटच जातात. उलट, कार्ट्रिजमधले इन्सुलिन लाल सिरिंजने तेवढेच ओढले तर ५० जातात. अ‍ॅपमध्ये दोन्ही वेळा ‘२०’ असेच भरले जाते! म्हणून घरी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी नर्सने पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल करावा, बाटली आणि सिरिंज कॅमेऱ्यासमोर धरायला लावावी, डोस ओढून दाखवायला सांगावे. आमच्या मते अख्ख्या डिजिटल मदतीत याच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही.

साखर ७० च्या खाली गेली तर मेसेज करून उत्तराची वाट पाहू नये. तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग कळवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा.

‘फोनवर सल्ला देता येत नाही’ ही सबब चालणारी नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला त्याच आजारासाठी तोच डॉक्टर सहा महिन्यांपर्यंत फोनवर किंवा व्हिडिओवर पाठपुराव्याचा सल्ला देऊ शकतो.

रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डावर आकडे पाठवायचा नंबर, ते पाहण्याची वेळ, कोणत्या आकड्याला लगेच फोन करायचा आणि स्टेरॉइड उतरताना इन्सुलिन किती उतरवायचे, एवढे छापावे. घरातला स्मार्टफोन बहुतेकदा मुलाकडे असतो आणि मुलगा कामावर. तेव्हा दिवसभर घरी असणाऱ्या माणसाचा साधा नंबरही नोंदवून घ्यावा. आणि रविवारी तो फोन कोण उचलणार, तेही लिहावे.

– मधुमेह समुपदेशक, सातारा