गोळी अर्ध्यावर सोडू नको

यावल

चि. भूषण,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "गोळीने काही फरक नाही, बंद करतो." तसं करू नको, बाळा. तुझ्या या बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरमध्ये, म्हणजे नाकासारखी एखादी गोष्ट फार कुरूप आहे असं मनात घट्ट बसण्याच्या आजारात, या फ्लुऑक्सेटिनच्या गोळीचा गुण यायला 12 आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात, आणि डोसही बऱ्याचदा उदासीच्या आजारापेक्षा मोठा लागतो, हे डॉक्टरांनी आपल्यासमोरच सांगितलं होतं. तुझा आत्ता कुठे दुसरा महिना चालू आहे. मळमळतं, झोप लागत नाही, ते त्यांना सांग. आपल्या मनाने एकदम सोडलीस तर चक्कर, बेचैनी सुरू होऊ शकते. मामा म्हणतो सवय लागेल. त्याचा तुझ्यावर फार जीव आहे, पण या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही. औषधाचं डॉक्टरांचंच ऐकायचं.

घरात कोणी याला नखरे म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. मानसीच्या हळदीत फोटोवाला दिसला की तू गच्चीवर जाऊन बसायचास. मास्क लावूनच जेवायला आलास, घास घेण्यापुरता खाली ओढायचास आणि लगेच वर. भरीत तुझ्या इतकं आवडीचं, तरी ताटात तसंच राहिलं. हौसेने कोणी असं करतं का? इटलीतल्या मोर्सेली नावाच्या डॉक्टरांनी 1891 सालीच या आजाराबद्दल लिहून ठेवलंय. तेव्हा कुठे होते मोबाइल आणि सेल्फी! शंभरात साधारण दोघांना हा त्रास असतो, आणि बहुतेकांना तुझ्यासारखाच शाळेच्या वयात सुरू होतो.

नाकाच्या ऑपरेशनचं पुन्हा काढलंस. पैशाने भागत असतं तर पप्पांनी कांदेबागेचा सगळा पैसा तुझ्या हातात ठेवला असता. पण या आजारात ऑपरेशन करूनही बहुतेकांचं समाधान होत नाही, मन पुन्हा तिथेच जातं, नाहीतर दुसरं काहीतरी खुपायला लागतं.

थेरपीच्या गटात बसायची लाज वाटते म्हणतोस. अरे, तिथे आलेला प्रत्येक जण आरशाच्या नाहीतर कसल्या तरी धास्तीच्या तावडीतून सुटायलाच आलेला आहे. तिथे नुसतं बोलायचं नसतं. मास्क काढून टपरीवर चहा प्यायचा, नाक चाचपायला हात उठला तरी थांबवायचा, जीव घाबरा झाला तरी तिथेच उभं राहायचं आणि पुढच्या बैठकीत काय झालं ते सांगायचं. परवा चहा अर्धा टाकून निघालास, तेही सांग. सगळ्यांसमोर बोलवतच नसेल तर एकट्याने हीच थेरपी घेता येते, पण आधी चार बैठका बस.

आणि हो, "आई, माझं नाक वाकडं दिसतं का?" याला मी यापुढे उत्तर देणार नाही. रागावू नको. 'नाही' म्हटलं की तुला घटकाभर बरं वाटतं आणि तू पुन्हा विचारतोस. घरच्यांनी ते थांबवायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. बाकी कितीही वेळ बोल, मी ऐकेन.

मरावंसं वाटलं तर रात्री कितीही वाजले असोत, मला उठव. माझा फोन लागला नाही तर 14416 लाव. सरकारची टेलिमानस सेवा आहे ती, फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीतून बोलता येतं. नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेव.

पप्पा सोमवारी पुण्याला येताहेत, डॉक्टरांकडे तुझ्याबरोबर येतील. तोवर गोळी चालू ठेव. त्यांच्याबरोबर कळण्याचं पीठ आणि बिबडी पाठवते.

तुझी,
आई