जर्नलांच्या वापराच्या सदोष अहवालाबाबत तक्रार

सांगली
दि. ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमचे महाविद्यालय आपल्याकडून ई-जर्नल घेते. काउंटर या, ऑनलाइन साहित्याचा वापर मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार वापराचे अहवाल देण्याचे आपण करारात कबूल केले आहे. प्रत्यक्षात येते ती एक एक्सेल शीट: जर्नलचे नाव, समोर 'हिट्स'. त्यावर विसंबून आम्ही गेल्या डिसेंबरात वनस्पतिरोगशास्त्राचे एक जर्नल बंद केले. वर्गणीला वापराने भागल्यावर तेच सर्वांत महाग पडत होते.

जानेवारीपासून मुले विचारायला येऊ लागली. तासगावकडच्या द्राक्षबागांतील डाऊनी (केवडा) रोगावर एम.एस्सी.चे प्रकल्प चालू आहेत आणि त्यांना नेमके हेच जर्नल हवे होते. मला ते लागून राहिले. मे महिन्याच्या सुट्टीत, कोणी उघडत नाही अशी दोन जर्नल निवडून मी स्वतः तपासले. एकात लेख आधी वेबपानावर उघडतो. तो वाचून त्याचीच पीडीएफ उतरवली. आपल्या शीटमध्ये दोन हिट्स. दुसऱ्यात थेट पीडीएफच मिळते, तिथे एक. बंद केलेले जर्नलही असेच, फक्त पीडीएफचे होते; म्हणून शीटमध्ये त्याचा वापर इतरांच्या तुलनेत कमी दिसला.

काउंटरच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१९ पासून, एका सत्रात तोच लेख दोन्ही रूपांत उघडला तरी 'युनिक आयटम रिक्वेस्ट' एकच धरतात. हा आकडा आपण देत नाही. शिवाय मुक्त प्रवेशाचे लेखही त्याच बेरजेत आहेत. जे कुणालाही फुकट मिळते, त्यावर वर्गणीचा हिशेब कसा मांडायचा? वर्गणी नसल्यामुळे परत फिरलेल्या वाचकांची नोंद दोनदा मागितली, तीही आली नाही.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्राची जर्नल पुरवण्याची योजना सरकारी संस्थांसाठी आहे; आमचे महाविद्यालय खासगी संस्थेचे. प्रत्येक जर्नलचे पैसे आम्हीच मोजतो, आणि एक चुकीचे बंद झाले की मुलांचे वर्ष अडते.

जानेवारी २०२३ पासूनचे टीआर-जे१ (मुक्त प्रवेशाचे लेख वगळून झालेला वापर) आणि टीआर-जे२ (परत फिरलेले वाचक) हे काउंटरचे अहवाल, जर्नलवार व महिनावार, ३१ ऑक्टोबरपर्यंत पाठवावेत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ग्रंथालय समितीची बैठक आहे. अहवाल हाती आल्याशिवाय २०२६ च्या नूतनीकरणाचा प्रस्ताव मी समितीपुढे ठेवणार नाही. प्रकल्पाच्या विद्यार्थ्यांना बंद केलेले जर्नल डिसेंबरअखेरपर्यंत विनाशुल्क खुले करून द्यावे. ते मात्र याच आठवड्यात व्हावे, ऑक्टोबरच्या छाटणीनंतरची त्यांची निरीक्षणे सुरू होत आहेत.

आपली,
ग्रंथपाल